घाईची खरेदी, सावकाशीचा हिशेब

स्वयंपाक चालू असेल तर चालू द्या, गॅस बारीक करा आणि कान इकडे असू द्या. आजचा विषय जरा रुक्ष आहे, पण पैसा आपला आहे.

मागच्या महिन्यात आम्ही एका गावात बचत गटाच्या बैठकीला गेलो होतो. गाव आपल्या हिंगोली जिल्ह्यातलंच. नाव मुद्दाम सांगत नाही, कारण तिथली विचारपूस अजून चालू आहे. बैठक शाळेच्या व्हरांड्यात होती. बोलता बोलता विषय निघाला तो मागच्या खोलीत पडलेल्या लोखंडी खाटांचा. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत शाळेत विलगीकरण कक्ष केला होता, तेव्हा त्या आणल्या होत्या. एक ताई म्हणाली, "तेव्हा वीस खाटा आल्या म्हणत होते. मी तर दहाच मोजल्या." कोपऱ्यात बसलेल्या मामी वैतागल्या, "गेला ना बाई तो कोरोना! जुनी मढी कशाला उकरून काढता?" त्यावर गटाची सचिव हळूच म्हणाली, "मढी नाही मामी, वही उकरायची आहे."

वही म्हणजे काय, हे बचत गटातल्या बाईला शिकवावं लागत नाही. दहा रुपये उशिरा भरले तरी आपण दंडाची नोंद करतो. अध्यक्ष आणि सचिव, दोघींच्या सह्या असल्याशिवाय बँकेतून पैसे निघत नाहीत. मग साथीच्या दोन वर्षांत मास्क, सॅनिटायझर, पीपीई किट, औषधं, ऑक्सिजन, खाटा, जेवण, फवारणी यांवर सरकारी पैसा पाण्यासारखा वाहिला, त्याची वही कुणी पाहिली? ती पाहायची असेल तर आधी हे समजून घ्यावं लागेल, की साथीच्या काळात पैशाला वाटा फुटतात तरी कशा.

लग्नघराचं उदाहरण घ्या. तारीख आठ दिवसांवर आली की आपण बस्ता बांधायला जातो. एरवी एका साडीसाठी चार दुकानं पालथी घालणारी बाई त्या दिवशी पहिल्याच दुकानात बसते. दुकानदारालाही कळतं, की ही आज घेतल्याशिवाय जात नाही. भाव तो सांगेल तो, माल तो दाखवेल तो. घरी आल्यावर कळतं की आहेराच्या साड्या पंचवीस सांगितल्या होत्या, पिशवीत तेवीसच आहेत. बिल कुठंय म्हणून विचारावं, तर ते कुणाच्या तरी खिशात. यात प्रत्येक वेळी कुणी लबाडी केलेली असतेच असं नाही. पण लबाडी करायची असेल त्याला याहून सोयीचा दिवस मिळत नाही.

सरकार साथीत असंच लग्नघर होतं. एरवी सरकारी खरेदीचे नियम कडक असतात. त्या वेळी आपल्या राज्यात तीन लाखांच्या वरची खरेदी ई-निविदा काढूनच करायची, असा नियम होता. निविदा म्हणजे कुणालाही भाव भरता यावा, भाव सगळ्यांसमोर उघडावेत आणि मुदत द्यावी. पण माणूस श्वासाला तडफडत असताना तीन आठवडे निविदेची वाट कोण बघणार? म्हणून २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात एक कलम आहे, कलम ५०. आपत्तीत तातडीने खरेदी करायची असेल तर निविदेची अट माफ, असं ते सांगते. ही परवानगी जिल्ह्याचं आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणही देऊ शकतं. त्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचे अध्यक्ष.

इथपर्यंत आपल्याला पटतं. पण त्याच कलमाचा दुसरा भाग फारशा लोकांनी वाचलेला नाही. तो असा, की नेमून दिलेल्या अधिकाऱ्याने 'हा माल वापरला गेला' असं प्रमाणपत्र दिलं, की हिशेबासाठी तेच प्रमाणपत्र वैध पावती समजायचं. पुन्हा एकदा ऐका. माल आला, वापरला, संपला, याचा पुरावा म्हणजे एका अधिकाऱ्याची सही. आपल्या गटात दहा हजारांसाठी दोन सह्या लागतात, आणि इथे लाखोंसाठी एक पुरते.

आम्ही या कायद्याला वाईट म्हणत नाही. पुरात वेढलेल्या गावाला भाकरी पोचवताना पक्कं बिल कोण मागेल? बहुतेक अधिकाऱ्यांनी, डॉक्टरांनी, नर्सताईंनी त्या काळात जिवावर उदार होऊन काम केलं, हेही आपण डोळ्यांनी पाहिलं आहे. याच कायद्याच्या कलम ५३ मध्ये आपत्तीसाठी आलेला पैसा किंवा माल हडप करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड सांगितला आहे. म्हणजे कायद्याने निविदा माफ केली, चोरी माफ केलेली नाही. पण चोरी पकडायची कशी, तर कागदावरून. आणि कागद जर एका सहीचा असेल, तर पकडणारा बिचारा काय पकडणार?

आता आपल्या जिल्ह्याशी थेट संबंध असलेली गोष्ट.

२०२१ चे एप्रिल आणि मे महिने आठवा. पहिल्या लाटेत आपल्याकडे मालेगाव आणि मुंबईच्या बंदोबस्ताहून परतलेले राज्य राखीव दलाचे जवान बाधित निघाले होते, तेव्हा आपण घाबरलो होतो. पण दुसरी लाट घरात शिरली. आपल्या कळमनुरीचे खासदार राजीव सातव याच लाटेत १६ मे २०२१ रोजी गेले. जिथे खासदार वाचला नाही, तिथे आपल्या घरच्यांचं काय, असं ज्याला त्याला वाटत होतं. व्हेंटिलेटर हा शब्द शाळेत न गेलेल्या बाईच्याही तोंडी बसला होता.

त्याच दिवसांत औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयाकडे १५० व्हेंटिलेटर आले होते. राजकोटच्या ज्योती सीएनसी या कंपनीने बनवलेले. त्यातली १७ यंत्रं घाटीत ठेवली, ४१ खासगी रुग्णालयांना दिली आणि ५५ यंत्रं बीड, उस्मानाबाद, परभणी आणि हिंगोली या जिल्ह्यांसाठी. उरलेली ३७ खोक्यातच होती. वापरायला काढलेली ही ११३ यंत्रं सदोष आहेत, अशी माहिती मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठासमोर आली. कोरोनाविषयीच्या जनहित याचिकेची सुनावणी तिथे चालू होती. यंत्र चालता चालता बंद पडतं, ऑक्सिजनचा दाब दाखवत नाही, रुग्णाला पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही, अशा तक्रारी होत्या.

पुढे काय झालं ते ऐका, कारण विषय तिथेच आहे. केंद्र सरकारचं म्हणणं असं, की यंत्रं ठीक आहेत, चालवणाऱ्यांना ती नीट चालवता येत नाहीत. ज्या न्यायमूर्तींसमोर हे चाललं, त्यांना हे एकमेकांवर ढकलणं आवडलं नाही आणि तसं त्यांनी सुनावलंही. दुरुस्तीसाठी तंत्रज्ञ आले, तपासणीसाठी दिल्लीहून डॉक्टर यायचं ठरलं. मोठी दुरुस्ती केलेली यंत्रं रुग्णांना लावून बघण्याचा प्रयोग आम्ही होऊ देणार नाही, असं शेवटी न्यायालयाने म्हटलं.

आणखी एक गंमत, खरं तर गंमत नाहीच. सगळेजण या यंत्रांना 'पीएम केअर्सचे व्हेंटिलेटर' म्हणत होते. त्या निधीतून ५०,००० देशी व्हेंटिलेटरसाठी २,००० कोटी रुपये देण्याची घोषणा मे २०२० मध्ये झालीच होती. पण खंडपीठासमोर केंद्राच्या वकिलांनी सांगितलं, की ही १५० यंत्रं त्या निधीतली नव्हेतच. म्हणजे यंत्र दवाखान्यात पोचलं, रुग्णाला लागलं, बिघडलं, प्रकरण न्यायालयात गेलं, आणि तोवर ते कोणत्या पैशातून आलं याचा लोकांना पत्ता नव्हता. शिवाय पीएम केअर्स हा निधी माहिती अधिकाराच्या कायद्यात बसत नाही, अशीच सरकारची भूमिका आहे, आणि त्याचा हिशेब कॅग तपासत नाही, खासगी सनदी लेखापाल तपासतात.

या प्रकरणात भ्रष्टाचार झाला असं न्यायालयाने म्हटलेलं नाही, आणि आम्हीही म्हणत नाही. पण भ्रष्टाचाराला जागा कुठे मिळते, ते इथे आरशासारखं दिसतं. विकत घेणारा दिल्लीत, बनवणारा राजकोटला, वापरणारा हिंगोलीत. पैसे कुणाचे, माहीत नाही. माल आल्यावर तपासून घेणारा कोण, ठरलेलं नाही. अशा वेळी चांगला माल पाठवणारा आणि टाकाऊ माल पाठवणारा, दोघांना सारखेच पैसे मिळतात. इथे दोष उघड कशामुळे झाला? मंत्र्यांच्या दौऱ्यामुळे नाही. घाटीतल्या डॉक्टरांनी कोणत्या यंत्रात काय बिघडतं ते लेखी दिलं, म्हणून. त्यांनी नुसतं "चालत नाही हो" म्हणून खांदे उडवले असते, तर न्यायालयापुढे काहीच आलं नसतं.

एवढ्या मोठ्या मुंबईतही हीच गत. तिथल्या महापालिकेच्या कारभाराचा विशेष हिशेब कॅगने तपासला आणि त्याचा अहवाल मार्च २०२३ मध्ये विधिमंडळात आला. त्यात कोरोनावर झालेला ३,५३८ कोटी ७३ लाख रुपयांचा खर्च मात्र तपासला गेला नाही. साथरोग कायदा आणि आपत्ती व्यवस्थापन कायदा यांकडे बोट दाखवून महापालिकेने ती कागदपत्रं दिलीच नाहीत. साथरोग कायदा आहे १८९७ चा, प्लेगच्या वेळचा, इंग्रजांनी केलेला. त्याच प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना आपल्या सावित्रीबाई १० मार्च १८९७ रोजी गेल्या. मुळात चार-पाच कलमांचा छोटा कायदा तो. सद्हेतूने काम करणाऱ्यावर दावा लावता येणार नाही, एवढं संरक्षण त्यात आहे. हिशेब दाखवू नका, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही.

पुढे मुंबईत मृतदेहाच्या पिशव्यांच्या खरेदीवरून माजी महापौरांसह काहींवर गुन्हा नोंदला गेला. बाजारात दोन हजारांच्या आसपास मिळणारी पिशवी ६,८०० रुपयांना घेतली, असा आरोप आहे. जम्बो कोविड केंद्रांत नसलेल्या डॉक्टरांची हजेरी लावल्याचे, मजुरांच्या खिचडीत पैसे खाल्ल्याचेही आरोप झाले, अटका झाल्या. आरोप म्हणजे निकाल नव्हे. राजकारण त्यात किती आणि खरं किती, हे न्यायालय ठरवेल. आपण लक्षात एवढंच ठेवायचं, की मेलेल्याची पिशवी, जिवंताची खिचडी आणि डॉक्टरची हजेरी, या तिन्ही गोष्टी मोजता येण्यासारख्या आहेत. त्या तेव्हाच्या तेव्हा मोजून फळ्यावर लिहिल्या असत्या, तर इतक्या वर्षांनी पोलिसांना शोधत बसावं लागलं नसतं.

तेव्हाच्या तेव्हा मोजता येतं का, असं कुणी म्हणेल. येतं. आफ्रिकेत सिएरा लिओन नावाचा छोटा, गरीब देश आहे. तिथे २०१४ मध्ये इबोलाची साथ आली. साथ चालू असतानाच त्यांच्या सरकारी लेखापरीक्षकांनी हिशेब तपासायला घेतला, आणि पहिल्या काही महिन्यांतल्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याच्या पैशाला धड कागदच नाहीत, हे २०१५ च्या सुरुवातीला जाहीर केलं. आणि हे गरीब देशांतच होतं असंही नाही. ब्रिटनमध्ये पीपीई किट विकायला येणाऱ्यांपैकी मंत्री-खासदारांच्या ओळखीच्या लोकांसाठी वेगळी रांग होती. ती बेकायदा होती, असं तिथल्या उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये ठरवलं. देवळातल्या व्हीआयपी रांगेची आपल्याला सवय आहे, पण ही रांग सरकारी तिजोरीकडे जाणारी होती.

आता एक सावधगिरीची गोष्ट, कारण हिशेब विचारायला निघालेल्या बाया कधीकधी इथे घसरतात. महाग घेतलं म्हणजे खाल्लंच, असं नसतं. बिलावरची तारीख बघा. २०२० च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने तीन पदरी मास्कला जास्तीत जास्त १० रुपये आणि २०० मिलीच्या सॅनिटायझरला १०० रुपये असा भाव बांधून दिला, कारण बाजारात माल नव्हता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आपल्या राज्याने तीन पदरी मास्क तीन-चार रुपयांवर आणला. म्हणजे एप्रिलमधलं दहा रुपयांचं बिल चुकीचं नाही. डिसेंबरमधलं दहा रुपयांचं बिल मात्र उत्तर मागतं. हळदीचा भाव वसमतच्या बाजारात सकाळी वेगळा आणि दुपारी वेगळा असतो, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

रेमडेसिविरचं तर सांगायलाच नको. एप्रिल २०२१ मध्ये त्या इंजेक्शनसाठी लोक शहरभर वणवण फिरत होते. कळमनुरीचे आमदार संतोष बांगर यांनी इंजेक्शनं आणण्यासाठी स्वतःची मुदतठेव मोडून ९० लाख रुपये दिल्याची बातमी तेव्हा राज्यभर झाली. त्याच महिन्यात केंद्र सरकारच्या सांगण्यावरून कंपन्यांनी किमती उतरवल्या, तर कुणाची कुपी ८९९ रुपयांना आणि कुणाची ३,४९० ला. एकच औषध आणि जवळपास चौपट फरक! आणि याने जीव वाचतो असा पुरावा नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच सांगितलं होतं. ज्यांना इंजेक्शन मिळालं नाही म्हणून आजही मन खातं, त्या बहिणींनी हे जरूर ऐकावं. तुमचं काही चुकलं नाही. चुकलं ते असं, की माणसं जे मागतील तेच घ्यायचं आणि त्याचा उपयोग किती हे विचारायचं नाही, अशी हवा तयार झाली. काळाबाजार त्याच हवेत माजतो.

गावात काय झालं? गावातली रक्कम लहान, पण वाटा त्याच. ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचा निधी येतो. २०२१ मध्ये पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातला काही भाग विलगीकरण कक्षासाठी वापरायला राज्याने परवानगी दिली. त्याच्या आदल्या वर्षी आर्सेनिक अल्बमच्या गोळ्या घरोघर वाटायच्या ठरल्या, तेव्हा वित्त आयोगाच्या पैशावरचं व्याज त्यासाठी वापरायचं ठरलं. गोळ्यांनी किती गुण आला ते बाजूला ठेवू. किती बाटल्या आल्या आणि किती घरांत पोचल्या, हा आपला प्रश्न. शिवाय हायपोक्लोराइटची फवारणी. ट्रॅक्टर गावातून एकदा फिरला की तीनदा, हे आता कोण सांगणार? फवारणीचा खर्च त्यामुळेच सगळ्यात निसरडा. औषध हवेत उडून जातं आणि मागे उरतं बिल.

आणि दान आलेल्या वस्तू. कंपन्या, पुढारी, परगावी नोकरी करणारी मुलं, सगळ्यांनी काही ना काही पाठवलं. आनंद आहे. पण दान आलेल्या ऑक्सिमीटरची साठा नोंदवहीत नोंद झाली नाही, तर तोच ऑक्सिमीटर उद्या 'खरेदी' म्हणून दाखवता येतो. फुकटातल्या मालाचंही बिल निघतं, ही युक्ती जुनी आहे.

यात मरण होतं ते आशाताईंचं. आमच्या कार्यक्रमात एका आशाताईने सांगितलं, की तिला तापमापी आणि ऑक्सिमीटर मिळाला, ऑक्सिमीटर आठ दिवसांत बंद पडला, पण मिळाल्याची सही तिने केलेली होती. पुढे तपासणी झाली तेव्हा विचारणा तिलाच. महिन्याला हजार रुपये कोरोना भत्ता, तोही वेळेवर नाही, म्हणून जून २०२१ मध्ये राज्यभरच्या आशाताईंना संप करावा लागला होता. तिला बंद यंत्राचा जाब विचारायचा आणि ते यंत्र पसंत करणाऱ्याला नाही, याला चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. तेव्हा आशाताईंनो, अंगणवाडीताईंनो, माल घेताना सहीच्या शेजारी दोन शब्द लिहायची सवय लावा. 'चालू स्थितीत मिळाले', 'चालू करून दाखवले नाही', 'पाच सांगितले, चार मिळाले'. घाटीतल्या डॉक्टरांनी केलं ते हेच.

आता परत त्या शाळेच्या व्हरांड्यात या. आपल्यापैकी कितीतरी गटांनी कोरोनात मास्क शिवले. शिलाई मशीन रात्रंदिवस चालली. गाव कोणतंही असो, ग्रामपंचायतीला, आरोग्य केंद्राला किती मास्क दिले आणि कोणत्या भावाने, ते तुमच्या गटाच्या वहीत तुमच्याच अक्षरात आहे. सरकारी हिशेबाची दुसरी बाजू आपल्या हातात आहे, हे आमच्याही आधी लक्षात आलं नव्हतं. त्या गावातल्या सचिवताईने वही काढली. ४०० मास्क, दर आठ रुपये. मग ती ग्रामसभेत उठली आणि कोरोना खर्चाचं वाचन मागितलं. वाचून दाखवलं, तर १,००० मास्क.

सगळ्यांचे चेहरे बदलले. पण ग्रामसेवकांनी शांतपणे दुसरं बिल दाखवलं. उरलेले ६०० मास्क शहरातल्या दुकानातून आणले होते. बिल पक्कं होतं. म्हणजे संख्या जुळली. सचिवताई खाली बसली, मग पुन्हा उठली. "तारीख काय आहे साहेब?" तारीख होती जानेवारी २०२१ ची आणि भाव पंचवीस रुपये. गटाचा मास्क आठ रुपयांना असताना आणि राज्याचा बांधलेला भाव तीन-चार रुपये असताना पंचवीसचा कशाला घेतला? कदाचित ते वेगळ्या प्रकारचे, भारी मास्क असतील. एन-९५ असतील तर भाव बसतो. बिलावर नुसतं 'मास्क' एवढंच लिहिलेलं आहे. खाटांचं तर त्या दिवशी वाचनच झालं नाही, वेळ संपली म्हणून.

बघा, कुणी कुणाला चोर म्हटलं नाही. आवाज चढला नाही. दोन वह्या शेजारी ठेवल्या, इतकंच. रोजगार हमीच्या कामाचं सामाजिक अंकेक्षण ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना ही रीत ओळखीची आहे. मस्टरवरचं नाव वाचायचं आणि त्या माणसाला विचारायचं, तू गेला होतास का कामावर? आरोग्याच्या खर्चाचंही असंच करता येतं. आपल्या राज्यात २००७ पासून काही जिल्ह्यांत आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेख झाली, जनसुनावण्या झाल्या, आणि तिथे बायाच पुढे होत्या.

प्रत्येक ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते, हे कायद्यातच आहे. तिथे आधी ठरवून घ्या, की कोण काय विचारणार. एकीने खाटा, एकीने मास्क, एकीने फवारणी. एकीवर सगळा भार टाकला की ती एकटी पडते, आणि एकट्या बाईला गप्प करायला घरचेच पुरे होतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि जिल्हा रुग्णालयात रुग्ण कल्याण समिती असते, गावात ग्राम आरोग्य समिती असते. त्यांच्यावर कोण कोण आहे ते विचारा. बऱ्याचदा आपलीच एखादी जाऊबाई सदस्य असते आणि तिलाच ते माहीत नसतं!

तोंडी उत्तर मिळालं नाही तर माहितीचा अधिकार आहेच. वही-पेन घ्या, लिहून घ्या. अर्ज साध्या कागदावर चालतो. वर लिहायचं, 'जन माहिती अधिकारी', आणि कार्यालयाचं नाव. खाली मजकूर असा:

'एप्रिल २०२० ते मार्च २०२२ या काळात कोरोनासाठी खरेदी केलेल्या आणि दान मिळालेल्या सर्व वस्तूंच्या साठा नोंदवहीची प्रत, त्यांची बिले, वाटपाची यादी आणि माल चालू स्थितीत मिळाल्याचे तपासणी अहवाल द्यावेत. मला कागदपत्रे प्रत्यक्ष पाहायचीही आहेत.'

एका अर्जात एकच विषय ठेवा आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. दारिद्र्यरेषेखालच्या बहिणींना फी नाही, फक्त दाखल्याची प्रत जोडायची. झेरॉक्सला पानामागे दोन रुपये पडतात, म्हणून आधी बघून घ्या आणि हवी तीच पानं मागा. तीस दिवसांत उत्तर द्यायचं असतं. आलं नाही तर त्याच कार्यालयाच्या वरिष्ठाकडे पहिलं अपील, त्याला फी वीस रुपये. कुणी लाच मागितली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा नंबर १०६४, फोनला पैसे पडत नाहीत. आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय दारातून हलू नका. पोच म्हणजे शिक्का, सही आणि तारीख. "ठेवून जा ताई, बघतो" ही पोच नव्हे.

त्या गावातल्या गटाने असा अर्ज दिला आहे. खाली अकरा जणींच्या सह्या आहेत, एक अंगठा मामींचा. आज त्याला एकोणीस दिवस झाले.